मणक्यात दिवा लागला नाही

६ जाने., सोम.

सूनबाईची, मनीषाची पाठ गादीमुळे दुखत नव्हती. कापूस पिंजून घेतला, फळीवर झोपवलं, निरगुडीच्या पाल्याचा शेक दिला, सगळं वाया. आज पेटस्कॅनचा रिपोर्ट आला. आजार परत आलाय. गळ्याच्या हाडाजवळ गाठ, दोन्ही फुप्फुसांत ठिपके, मणक्यात, उजव्या खुब्यात. छातीचं ऑपरेशन होऊन अडीच वर्षं झाली. आता कुठे केस बांधण्याइतके आले होते.

निलेश हॉ. च्या जिन्यात बसून रडला. माझ्या मुलाला रडताना ह्यांना पोचवून आलो त्या दिवशी पाहिलं होतं, त्यानंतर आज. म. नाही रडली. "आई, चिऊची व्हॅन येईल. आपण निघू या," म्हणाली.

घरी येऊन चिऊला वरणभात भरवला, स्वतः जेवली नाही. पाच वर्षांची पोर, तिला काय कळतंय. ती आपली शाळेतल्या कोणाच्या तरी डब्यातल्या मॅगीचं सांगत बसली.

दिवा लावून देवापुढे बसले तर स्तोत्राची मधली ओळच आठवेना. लग्नाआधीपासून तोंडात आहे.

९ जाने., गुरु.

पुण्याचं मोठं हॉ. डॉ. बाई वयाने फार नाहीत, पण बोलतात सावकाश, आपल्याला कळेल असं. म्हणाल्या, मनीषाच्या गाठींच्या अंगावर एक खूण असते. मागच्या वेळी वर्षभर जी इंजेक्शनं दिली ती अँटिबॉडी. ती रक्तातून फिरते, खूण दिसली की तिथेच चिकटते. आता त्याच अँटिबॉडीच्या पाठीवर जालीम औषध बांधून देतात. खूण असेल त्या गाठीत ते शिरतं आणि तिथे फुटतं. बाकी अंगाला त्रास कमी.

पण आधी खात्री करायची. त्यांच्याकडे तसा अभ्यास चाललाय. औषधाऐवजी किरण सोडणारा बारीक कण अँटिबॉडीला बांधायचा, तो टोचायचा, चार दिवसांनी फोटो काढायचा. कुठे कुठे पोचली ते दिसतं. मग कोणाला हे औषध द्यायचं, कोणाला दुसरं, ते ठरतं. प्रत्येकीचं वेगळं.

नि. म्हणाला, "म्हणजे मॅडम, माल भरायच्या आधी रिकामी गाडी पाठवून रस्ता बघायचा."
डॉ. बाई हसल्या. "तसंच समजा."

मी एकच विचारलं. फोटो चांगला आला तर?
"तर लगेच औषध सुरू करू, आजी."
मला तेवढं पुरे.

फोटोचा आणि त्या इंजेक्शनाचा खर्च त्यांच्याकडे. बाकीचं काय ते नि. बघतो म्हणाला. हिशोबाची वही वेगळी आहे, इथे ती कटकट नको.

१४ जाने., मंगळ. संक्रांत.

विहीणबाई आल्या. चाकणच्या पुढे त्यांचं गाव, वावरात आता गोडाऊन उभं आहे, तरी परसात मूठभर हरभरा करतातच. सोलाणे आणले, बाजरीचं पीठ आणलं, तीळ आणले. दारातूनच लेकीला बघून, "काय ग ह्ये! निस्ती काडी झाली. सासू खायला घालत न्हाई व्हय?"
म. म्हणाली, "घालतात ग, पण तुझ्यासारखं तिखट नसतं त्यात."
"मंग ते काय खानं झालं?"
हसलो सगळ्या. विहीणबाई हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या, मी तिळाकडे बघत राहिले.

दुपारी त्यांच्या गावच्या देवीची ओटी काढून ठेवली. खण, नारळ, तांदूळ. ओटी त्यांनी नेऊन भरायची, ह्यांच्या मागे मला आता ते चालत नाही. नवस मात्र माझा. हात जोडून म्हटलं, आई, फोटो स्वच्छ येऊ दे. एकही ठिपका दिसू देऊ नकोस. फोटो होईपर्यंत मीठ सोडलं.

विहीणबाई म्हणाल्या, "ताई, अळणी खाऊन चक्कर यील तुमाला. मंग आमच्या पोरीचं कोन बघनार?"
देवी बघेल, म्हटलं.
"देवी का पोळ्या लाटायला येनारे व्हय?"
तोंडाला येईल ते बोलतात. पण ओटी व्यवस्थित पदराखाली धरून नेली.

१७ जाने., शुक्र. संकष्टी.

गळ्याजवळच्या गाठीतून मागच्या आठवड्यात सुईने तुकडा काढला होता. त्याचा रिपोर्ट: खूण आहे, भरपूर आहे. डॉ. बाई खूश. म्हणजे अभ्यासात घेतलं.

संमतीपत्र मराठीत होतं. म. एकेक पान वाचत बसली. नि. कासावीस. "अगं कर ना सही, काय वाचतेस? आपल्याला काय कळणार त्यातलं?"
"कंपनीत न वाचता सही केली की मेमो निघायचा," म्हणाली आणि वाचत राहिली. चाकणच्या कारखान्यात सहा वर्षं होती. गाड्यांच्या वायरिंगचं काम, शेवटी शेवटी टेस्टिंगला. पहिल्या आजारात सुटलं ते सुटलंच. तिच्या ओळखपत्राची निळी पट्टी अजून खुंटीला आहे, काढू देत नाही.

चंद्रोदयापर्यंत थांबून मोदक केले. सारणात मीठ नसतंच, म्हणून मलाही खाता आले.

२० जाने., सोम.

इंजेक्शन झालं. शिशाच्या जाडजूड डबीतून आणली होती सुई. टोचणारा मुलगा टोचून झाल्यावर पटकन लांब जाऊन उभा राहिला. त्याचं कामच तसं, रोजचं. तरी मला कसंतरी झालं.

सूचना: चिऊला मांडीवर घ्यायचं नाही, शेजारी झोपवायचं नाही. फोटो होईपर्यंत. मोठ्यांनीही उगाच चिकटून बसू नये. आतल्या खोलीत अंथरूण घातलं. ताट-तांब्या वेगळा ठेवला. तसं हॉ. ने सांगितलं नव्हतं, पण ठेवला.

म. ने ताट बघितलं. "आई, लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही बाजूला बसवायचात. आता हॉस्पिटलनेच बसवलं."
मी म्हटलं, गप पड.
"तेव्हाही चारच दिवस होते, नाही? भाव काही वाढला नाही."
बाहेर नि. ला हसू आवरेना. मलाही आलं.

२२ जाने., बुध.

चिऊने आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर चटई टाकलीय. तिथेच जेवते, तिथेच चित्रं काढते, लांबून आईला दाखवते. आज विचारत होती,
"आई, तुझ्यातून लाइट निघतो?"
"दिसतो का तुला?"
"नाही."
"मग बत्ती घालवून बघ."
बत्ती घालवली. ही उंबऱ्यावर, ती अंथरुणावर, दोघी एकमेकींकडे बघत. चिऊ म्हणाली, "निघतो! नाकातून निघतो!" म. इतकी हसली की पाठीत कळ आली आणि मग बराच वेळ उशीत तोंड.

अळणी पिठलं आज घशाखाली उतरेना. पाणी पिऊन झोपले.

२४ जाने., शुक्र.

फोटो झाला. देवी पावली. सविस्तर लिहिते.

संध्याकाळी फिल्म हातात दिली. रिपोर्ट सोमवारी, डॉ. बाई समजावून सांगणार. नि. ला तेवढा दम कुठे. घरात पाऊल टाकल्या टाकल्या जुनी फिल्म आणि नवी फिल्म ट्यूबखाली शेजारी शेजारी धरली. जुनीत गळा, फुप्फुसं, मणका, खुबा, सगळीकडे निखारे फुंकल्यासारखे लाल-पिवळे ठिपके. नवीत गळ्याजवळ आहे, फुप्फुसांत आहेत. पण मणका काळा! खुबा काळा!

"आई, पाठीतलं गेलं! खुब्यातलं पण गेलं! निम्मं साफ झालं ग!"

औषध तर अजून सुरूही नाही. नि. म्हणतो, मागच्या वर्षीच्या इंजेक्शनांचा असर उशिरा आला असेल. त्याच्या कंपनीत लाइनवर डोक्यावर दिवा असतो. काही बिघडलं की लाल लागतो, लाइन थांबते, साहेब धावत येतो. दिवा नाही म्हणजे सगळं ठीक. मला तर त्याच्या समजावण्याचीही गरज नव्हती. मी जे मागितलं होतं तेच समोर दिसत होतं. सगळं नाही दिलं, पण निम्मं दिलं. सोसायचं तेवढं ठेवलं असेल.

नि. खाली जाऊन पेढे घेऊन आला, चांगल्या दुकानातले. मी भाव विचारला नाही. शेजारच्या शिंदेवहिनींना दिले, वरच्या मजल्यावर दिले, वॉचमनला दिला. चिऊ डबा घेऊन पुढे, मी मागे.

परत आले तर म. फिल्म हातात घेऊन बसलेली. मग नीट पाकिटात घातली. मी तिला पेढा भरवला.
"कसा आहे?"
"गोड आहे, आई."

रात्री ताटात मीठ वाढून घेतलं. डावी बाजू रिकामी नसली की ताट कसं भरलेलं दिसतं.

२५ जाने., शनि.

विहीणबाईंनी देवळात जाऊन नारळ फोडला, ओटी भरली. फोनवर आवाज इतका मोठा की लांब धरावा लागला. "म्हनलं व्हतं ना तुमाला, आमची देवी जागृत हाय!" म्हणाल्या काहीच नव्हत्या, पण असू दे.

चिऊला आता जवळ जायला मोकळीक. म. ने तिला कुशीत घेतलं ते सोडेचना. "आई, गुदमरतंय," म्हणाली तेव्हा सोडलं.

म. आज गप्प आहे. थकली असेल.

२७ जाने., सोम.

आज लिहवत नाही.

रा.— लिहिते. नाहीतर डोक्यात फिरत राहील.

डॉ. बाईंनी दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर लावले. नि. ने बसता बसताच म्हटलं, "मॅडम, पाठीतलं गेलं ना?" त्यांनी आमच्याकडे खुर्ची वळवून सांगितलं. जुना फोटो गाठी दाखवतो. नवा फोटो गाठी दाखवत नाही, अँटिबॉडी कुठे पोचली ते दाखवतो. रंग दिसतोय तिथे पोचली, तिथे औषधही पोचेल. मणक्यात आणि खुब्यात गाठी आहेत तशाच आहेत. पण त्यांच्या अंगावर ती खूण नसावी. अँटिबॉडी शेजारून निघून गेली. औषधही तसंच जाईल.

नि. : "म्हणजे लाइट लागला ते चांगलं?"
"हो."
"आणि जिथं नाही लागला..."


मी विचारलं, एकाच अंगात, एकच आजार, आणि एका गाठीला खूण आहे, दुसरीला नाही, असं कसं?
"होतं असं कधी कधी. एका आईची मुलं सारखी निघतात का, आजी?"

बाहेर बाकावर बसलो. नि. चा राग म. वर निघाला. तू का दगडासारखी बसलीस, तुला काही वाटत नाही का. तेव्हा ती बोलली.
"मला शुक्रवारीच कळलं होतं."
"काय?"
"मी टेस्टिंगला होते ना. वायरींचा जुडगा बोर्डावर लावायचा. करंट पोचला त्या वायरीचा दिवा लागायचा. नाही लागला तो पीस बाजूला. डॉक्टर तर पहिल्याच दिवशी बोलल्या होत्या, कुठं पोचतंय ते बघायचंय. फिल्म बघितली आणि समजलं."
"मग पेढे का वाटू दिलेस?"
"तुम्ही तिघं हसत होतात."

तिघं म्हणजे चिऊला धरून.

२८ जाने., मंगळ.

मी काय मागितलं देवीला? एकही ठिपका दिसू देऊ नकोस. शब्द न् शब्द आठवतोय. ती कुठे डॉक्टरीण आहे. तिने भक्ताचा शब्द ठेवला, जेवढा ठेवता आला तेवढा. मणक्यातला दिवा विझवला.

नि. म्हणतो, "आई, वेड्यासारखं बोलू नको. गाठी आधीपासून तशाच होत्या, तुझ्या नवसाने काही झालेलं नाही." त्याचं खरं असेल. पण मग मागण्याने काहीच होत नसेल तर इतकी वर्षं मी रोज सकाळी काय करत होते?

आणि आता उलटं मागायला कुठल्या तोंडाने जाऊ? आई, माझ्या सुनेच्या हाडांत ठिपके पेटव. असं कोणी मागतं का.

पूजा केली. फुलं वाहिली, निरांजन ओवाळलं, मागितलं काही नाही. उठले.

शिंदेवहिनी पेढ्यांचा डबा परत द्यायला आल्या, रिकामा नको म्हणून आत साखर. "देव आहे हो काकू!" मी हो म्हटलं. दिलेले पेढे परत कसे मागायचे.

विहीणबाईंना म. ने स्वतः फोन केला. ह्या टोकाला मला नुसतं म. चं ऐकू येत होतं. "अगं नाही ग... तसं नाही... नारळ फोडलास ते बरं केलंस... नाही, तुझ्या देवीचा काही दोष नाही." बोलून झालं तरी फोन ठेवला नाही कोणी.

१ फेब्रु., शनि. गणेश जयंती.

डॉक्टरांची आपसात चर्चा झाली. औषध द्यायचं ठरलं. फुप्फुसातलं आधी आवरलं पाहिजे, तिथे तर ते पोचतंय. मणक्याला पुढे बाहेरून किरणांचा शेक देऊ. आणि त्या हाडातला तुकडा काढून बघू, ती गाठ नक्की कुठल्या जातीची आहे. कळलं तर तिच्यासाठी वेगळं औषध बघता येईल. तुकड्याचं नाव काढल्यावर म. ने खिडकीकडे बघितलं. नंतर बघू म्हणाली.

देवळात गर्दी. मी लांबूनच हात जोडले.

५ फेब्रु., बुध.

पहिला डोस. सलाईनमधून. चिऊला शिंदेवहिनींकडे ठेवलं होतं. नर्स म्हणाली खोकला आला, धाप लागली तर उद्यावर टाकू नका, लगेच फोन करा. म. बाटलीतल्या थेंबांकडे बघत होती. मी विचारलं, काय बघतेस? "निम्मे थेंब कामाचे, निम्मे फिरायला निघालेत," म्हणाली.

नि. दुपारी शिफ्ट सोडून आला होता. रजा संपत आल्यात त्याच्या. सुपरवायझर म्हणाला, "भावा, तू घरचं बघ, मी इथं सांभाळतो." कोण कुठला, बिहारचा आहे म्हणे, मराठी शिकलाय.

९ फेब्रु., रवि.

उलट्या. पाण्याचीसुद्धा उलटी. लिंबाची फोड हुंगायला दिली, लाह्या दिल्या, साबुदाण्याची पेज दिली, काही टिकेना. दुपारनंतर ताकाचं पाणी राहिलं. मीठ-जिरं घालून दिलं.

चिऊ तिच्या केसांवर हात फिरवत होती. हातात गुंता आला. लपवला तिने पोरीच्या जातीने, फ्रॉकच्या खिशात. मला दिसला.

१६ फेब्रु., रवि. संकष्टी.

सकाळी तिच्या डोक्याला तेल लावताना गळ्याच्या हाडाशी हात गेला. गाठ आवळ्याएवढी होती ती आता बोराएवढीसुद्धा नाही. परत परत चाचपलं. म. म्हणाली, "काय शोधताय?"
"नाहीये ग ती."
तिने स्वतः बोट लावून बघितलं. आरसा मागितला. मान तिरकी करून बघितली. नि. ला हाक मारली, त्यालाही हात लावायला लावला. तो लाजला, माझ्यासमोर.

म्हणजे जिथे पोचलं तिथे खरंच पोचलं. डॉ. बाई बोलल्या तसंच.

पेढे कोणी आणले नाहीत.

उजवा पाय जड वाटतो म्हणाली. उलट्यांनी अशक्तपणा, दुसरं काय. मोदक केले, तिने एक खाल्ला.

२७ फेब्रु., गुरु.

दुसरा डोस. फुप्फुसातले ठिपके एक्सरेतही कमी दिसतायत म्हणे. पण पाठ जास्त. उठून बसायला आधार लागतो, खुर्चीतून उठताना माझ्या खांद्यावर भार टाकते. आधी तेवढं वजन तिच्यात होतं का?

डॉ. बाईंनी पायांवर टकटक करून बघितलं. मग स्पष्ट बोलल्या. "मनीषा, आता तुकडा काढायचा टाळू नकोस. दहा तारखेच्या सोमवारपासून शेक सुरू करू, त्याच्या आधी काढलेला बरा. पायात मुंग्या, ताकद कमी, काही वाटलं तर त्याच दिवशी ये."

दोन्ही बाजूंनी एकदम चाललंय. वरच्या अंगातलं विझतंय, खालचं पसरतंय. घर एकाच वेळी बांधलं जावं आणि पाडलं जावं, तसं.

३ मार्च, सोम.

विहीणबाई आल्या. सकाळपासून वादावादी.
"सुई लावू नका हाडाला. सुई लावली की समद्या अंगात पसरतंय. आमच्या भावकीत झालंय."
मी म्हटलं, विहीणबाई, पसरलंय ते सुईने नाही पसरलं.
"तुमाला काय, तुमी नवस बोलता आन् मोकळ्या व्हता."

लागलं मला. त्यांनाही कळलं लागलेलं. कांदा चिरत होत्या, तसाच टाकून गॅलरीत गेल्या. मी उरलेला चिरला. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाल्या, "ताई, द्या हिकडं. डोळ्यात जातंय तुमच्या." दोघी मिळून चपात्या केल्या. त्या लाटतात जाड, मी पातळ. चिऊने जाड खाल्ल्या.

जेवताना म. म्हणाली, "आई, मम्मी, दोघी ऐका. बाजूला काढलेला पीस आम्ही फेकत नव्हतो. उघडून बघायचो, कुठं तुटलंय. काढू दे तुकडा."
विहीणबाई म्हणाल्या, "तू काय वायर हाईस व्हय ग?" आणि रडायला लागल्या.

गुरुवार ठरला.

६ मार्च, गुरु.

सकाळी आकुर्डीच्या हॉ. त तुकडा काढला. तिथे सुईची सोय, तपासणी मात्र पुण्याच्या लॅबमध्ये, आणि तुकडा नातेवाइकांनीच न्यायचा. जागेपुरती भूल देतात. मी दाराबाहेर. आतून एकदा तिचा आवाज आला, "आई ग" असा. कुठली आई ते कळलं नाही. मी उठून उभी राहिले.

नि. तिला घेऊन रिक्षाने घरी गेला. मी तुकडा घेऊन बसने पुण्याला.

बाटली बोटभर. आत पाण्यासारखं औषध, तळाशी तुकडा, उदबत्तीची काडी मोडून टाकावी तेवढा. झाकणावर तिचं नाव. पिशवीत आडवी पडेल म्हणून रुमालात गुंडाळून दोन्ही हातांत धरली. पर्समध्ये अंगारा होता. एकदा वाटलं बाटलीला लावावा. मग नको वाटलं, तपासणीत यायचा.

दापोडीला एक बाई चढली, शेजारी बसली. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती.
"तूप का हो काकू? एवढं जपून?"
हो म्हटलं.
"घरचं?"
"घरचंच."
"आजकाल घरच्याचाच भरवसा. बाहेर नुसती भेसळ." मग पुण्यापर्यंत भेसळीचंच बोलत होती. मी मान हलवत राहिले.

लॅबच्या खिडकीत मुलगी होती. बाटली उजेडात धरून बघितली. "हाड आहे, मऊ करायला वेळ लागतो. आठ-दहा दिवस धरा, आजी." माझे हात मोकळे झाले. परत येताना त्यांचं काय करायचं कळत नव्हतं.

तुकड्यात काय निघावं ते मी ठरवू शकत नाही. खूण निघाली तरी भीती, मग औषध पोचलं का नाही. नाही निघाली तर दुसरं औषध, ते कसलं, असेल का. डॉ. बाईंना विचारलं होतं, आम्ही काय व्हावं म्हणायचं? त्या म्हणाल्या, "जे आहे ते नीट कळावं, एवढंच म्हणा." तेवढंच म्हटलं बसमध्ये.

घरी आले तेव्हा विहीणबाई चिऊला घेऊन खाली बागेत. म. कुशीवर.
"दिलंत?"
"दिलं."
"केवढा होता?"
नख दाखवलं.
"एवढासा? आणि दुखतंय बघा केवढं."

पाय ओढतोय म्हणाली. पायथ्याशी बसले, उजवा पाय मांडीवर घेतला, तेल कोमट करून पोटरीला चोळायला लागले. ती भिंतीकडे तोंड करून चिऊच्या शाळेचं काहीतरी सांगत होती, स्नेहसंमेलनाला फुलपाखराचे कपडे हवेत म्हणून. मी हूं हूं करत चोळत होते. मग म्हणाली,
"आई, तेल थंड होईल. घ्या ना पाय."

पाय माझ्या मांडीवरच होता.

मी अंगठा दाबला. जोरात दाबला. म्हटलं, कळतंय का?
"काय?"

निलेशला हाक मारली. त्याने डॉ. बाईंना फोन लावला, त्या म्हणाल्या आत्ताच्या आत्ता घेऊन या, उद्या नको. गाडी बोलावलीय. विहीणबाई चिऊला घेऊन वर येतायत, जिन्यात चिऊचं गाणं ऐकू येतंय. म. विचारतेय काय झालं, सगळे असे का धावताय. नि. तिला काही नाही काही नाही म्हणतोय. तिचा पाय अजून मी खाली ठेवलेला नाही, एका हाताने लिहितेय.

गाडी आली. हॉर्न वाजवतोय.